निलेशच्या वेबसाइटची मुदत

मालवण,
१८ जानेवारी २०२५

चि. तन्वी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे सौ. लिहायचं की नाही, यात माझी अर्धी सकाळ गेली. लिहायला घेतलं तर पेन अडतं, आणि नाही लिहिलं तर तुझी सासू, यशोदा, खांद्यावरून डोकावते. शेवटी नुसतं चि. लिहून पुढे सरकलो. गोड मानून घे.

इकडे आम्ही दोघं बरी आहोत. थंडी यंदा बऱ्यापैकी पडली, आंब्यांना मोहोरही चांगला आहे. दुकानात लग्नसराईची ब्लाउजं आली आहेत, पण पूर्वीसारखी नाहीत. माझ्या डोळ्यांचं आणि सुईच्या नेढ्याचं आता रोज भांडण होतं, आणि रोज सुई जिंकते.

संक्रांतीला तू येशील म्हणून यशोदाने लाडू केले होते. तुझं वाण फळीवर काढून ठेवलंय. तू आली नाहीस. बरं केलंस. इथल्या बायका वाईट नाहीत गो. पण तुला कुंकू लावायचं की नाही हे त्यांनाच कळत नाही, आणि त्यांचं ते न कळणं तुला सोसावं लागतं. जामसंड्याला आईकडे आहेस, शाळेत शिकवतेस, चार पोरांचे आवाज कानावर पडतात, ते बरं आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, होस्टिंगचा प्लॅन किती वर्षांचा घेऊया, ते तुम्हीच सांगा." मी "सांगतो" म्हणालो आणि लगेच भाजी काय केलीस ते विचारलं. तुलाही समजलं असेल की विषय बदलला. काय करणार, आपल्या घरात फोन स्पीकरवर लावल्याशिवाय कोणाला ऐकू येत नाही, आणि तुझ्या माहेरीही तीच रीत. काही गोष्टी चार कानांपुढे बोलता येत नाहीत. म्हणून आपलं पत्र.

तुझ्या मावसभावाने, मितेशने, निलेशची वेबसाइट केली ती फार छान केली. त्याने मला लॅपटॉपवर सगळी दाखवली. निलेशचा तो निळ्या शर्टातला फोटो, जहाजाचं नाव, कुठल्या समुद्रात असताना बेपत्ता झाला ते, कोणाला दिसला तर कळवायला तुझा नंबर. त्या बाजूच्या किनाऱ्यांवरच्या भाषांतही लिहिलंय. ओळखीच्या खुणा सांगा म्हणाला, तर मी छाती, खांदा, बाही, सगळी मापं सांगायला लागलो. पोर आधी हसला. मग मी म्हटलं, "डावा खांदा किंचित उतरता आहे, शर्ट शिवताना तिथे अस्तराची एक पट्टी जास्त घालावी लागते." तेव्हा हसायचा थांबला आणि लिहून घेतलं. जगातल्या कुठल्या वेबसाइटवर असलं काही नसेल. पण बापाला दुसरी काय खूण ठाऊक असणार?

आता ही तयार झालेली वेबसाइट जगाला दिसायची तर ती कुठेतरी ठेवायला जागा लागते, त्याला होस्टिंग म्हणतात, हे मला त्याने समजावलं. "काका, डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, होस्टिंग म्हणजे गाळा." हे मला पटलं. मग गाळा किती मोठा, महिन्याला किती माणसं येऊन बघू शकतील, दिवसातून किती वेळ चालू राहील, सगळं विचारून घेतलं. जवळजवळ कायम चालू असते म्हणाला, क्वचित कधी थोडा वेळ बंद पडते. यशोदा आतून ओरडली, "आणि नेमको त्याच येळाक कोणी निलेशाक बघून उघडल्यान तर?" मितेश मग बॅकअपचं सांगायला लागला. म्हणजे काही हरवलं तर आदल्या दिवशीचं जसंच्या तसं परत मिळतं. एवढं बोलला आणि एकदम बॅग भरायला लागला.

जागेचं मला सोपं वाटलं होतं. जन्मभर मी पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले. आत दाब ठेवायचा, पोर वाढलं की उसवून सोडायचा. म्हटलं इथेही थोडं वाढतं घेऊन ठेवू. पण रात्री विचार केला, की हे काही वाढत्या अंगाचं काम नाही. फोटो तेवढाच राहणार. माहिती तेवढीच राहणार.

खरी अडचण मुदतीची. एक वर्षाचा, दोन वर्षांचा, नाहीतर चार वर्षांचा. जितका लांबचा, तितका महिन्याला स्वस्त. मितेश म्हणाला, "काका, सगळे शहाणे लोक चार वर्षांचाच घेतात." मी यशोदाला विचारलं. ती नारळ खवत होती.

"मोठ्यातलो मोठो घेवा. पोराच्या कामात कंजूषपणा नको."

"मोठा म्हणजे चार वर्षांचा," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "चार वर्षां? चार वर्षां कित्याक? तो चार वर्षां येवचो नाय म्हणतास?"

"बरं, मग एका वर्षाचा घेऊ."

"आणि वर्षान काय? वर्षान तेका सोडून देवचो?"

"दोनाचाही आहे मधला."

"तुमका ब्लाउजाचां माप घेऊक येता, तितक्यांच घेवा," म्हणाली आणि उरलेली वाटी न खवता तशीच ठेवून विहिरीवर गेली.

मीही मग धास्तावलो. जो आकडा तोंडातून काढावा, तो अपशकुनच. मितेश सांगत होता, एक खूण असते, ती काढली नाही तर मुदत संपली की प्लॅन आपोआप पुढे चालू होतो, कोणी विचारतही नाही. मितेश आणखीही काही बोलला जाता जाता, ते आता राहू दे.

संध्याकाळी यशोदानेच तोड काढली. म्हणाली, देवाक कौल लावया. एक वर्ष की चार, रवळनाथ सांगेल. तू शिकलेली, तुला हसू येईल. हस. या घरात दोन शिमगे झाले, कोणी मोकळं हसलेलं नाही.

सोमवारी जातो. कौल झाला की कळवतो. तोवर मितेशला थांबायला सांग. तुझ्या आईला नमस्कार.

तुझा
बाबा


मालवण,
२१ जानेवारी २०२५

चि. तन्वी हिस अनेक आशीर्वाद.

काल कौल झाला. सगळं लिहितो, कारण यशोदा फोनवर सांगेल ते निराळं असेल.

देवळात गेलो तर दाजी गुरव आधी मला बाजूला घेऊन गेला. "बाबल्या, देवाक आडून कित्याक इचारतंस? आसा की नाय, तां सरळ इचारुया मा?" मी काही बोलायच्या आत यशोदाने ऐकलं. खांबाला धरून उभी होती. म्हणाली, "तां इचारूचां नाय. प्लॅनाचां तेवढां इचार."

दाजीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्याने देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर एक वर्ष, डावीकडची पडली तर चार. देवाला दोनच वाटा देता येतात, म्हणून दोन वर्षांचा बिचारा बाहेरच राहिला.

आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यां तुझां लेकरू बाबलो तुझ्या पायाकडे इलो हा म्हाराजा... तेच्या झिलाची ती काय ती... वेबसाइट... ती किती वर्षां ठेवची, तेका कळणा नाय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

वेबसाइट म्हणताना दाजी अडखळला, तसं मागच्या बाकड्यावर कोणीतरी खुसखुसलं. दाजीने वळून बघितलं नाही, पण गाऱ्हाण्यातच घातलं, "आणि जो कोणी हसता हा, तेकाय बुद्धी दी म्हाराजा." त्यावर सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" तोच हसणारा म्हणाला. खरं सांगतो, मलाही हसू फुटलं. कोणी बघितलं नसेल तर बरं.

पाकळी बराच वेळ पडेना. मग उजवीकडची पडली.

यशोदाने तिथेच हात जोडले. "वर्षाच्या आत येतलो! म्हणानच देवान एका वर्षाचो दिल्यान. चार कशाक होये!" दाजीच्या हातात नारळ दिला, लहान पोरांना साखर वाटली, घरी येईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला सांगत होती. घरी येऊन निलेशच्या खोलीतली गादी उन्हात टाकली.

दाजीने कौल तसा वाचला नव्हता. त्याचं तोंड मी बघितलं. देवाने एकच वर्ष दिलं, म्हणजे त्यापुढे ठेवण्यासारखं काही नाही, असंही म्हणता येतं. पाकळी एकच पडली, आणि आम्ही एका घरात राहून दोन निराळी उत्तरं घेऊन आलो.

देवाने एक वर्ष म्हटलं. ते वर्ष कोणाच्या आयुष्यातलं जाणार, ते मात्र सांगितलं नाही. म्हणून तू मितेशला अजून काही कळवू नकोस. का, ते आत्ता विचारू नकोस गो. मला वायच वेळ दे.

तुझा
बाबा


मालवण,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. तन्वी हिस आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. आई जवळ असेल तर तिला दुसऱ्या कामाला लाव.

रविवारी दुपारी गुरुदास आला होता. तू त्याला ओळखत नाहीस, मीही ओळखत नव्हतो. रेडीचा आहे. निलेशच्या त्याच जहाजावर होता. त्यानंतर त्याला एकामागून एक जहाजांवर पाठवत राहिले आणि आत्ता कुठे सुट्टी मिळाली. हातात बिस्किटाचा पुडा होता, तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मी मशीनवर होतो. "बस रे," म्हटलं तर बसला नाही.

म्हणाला, "काका, मिया बघलंय."

मी मशीन थांबवलं नाही. मुद्दाम. ब्लाउजाची शिवण कुठल्या कुठे गेली, ते नंतर सगळं उसवावं लागलं.

समुद्र खवळलेला होता, संध्याकाळ होती, दोघांना डेकवर काही बांधायला पाठवलं होतं. लाट आली. गुरुदास कठड्याला धरून राहिला, निलेश नाही राहिला. जहाज फिरवलं, अंधार पडेपर्यंत घिरट्या घातल्या, दिवे मारले. नारिंगी डगला एकदा दिसला आणि मग नाही दिसला. दुसऱ्या दिवशी वरच्यांनी गुरुदासकडून लिहून घेतलं, की मी झोपलो होतो, मी काही बघितलं नाही. कोणाला वेळ न बघता, खवळलेल्या समुद्रात डेकवर पाठवलं, हे त्यांना कागदावर नको होतं. म्हणून आपल्याला पत्र आलं ते नुसतं 'बेपत्ता'.

मी एवढंच विचारलं, "तेका पोहूक येय मा रे?"

"काका," गुरुदास म्हणाला, "त्या पाण्यात पोहणां ह्यो शब्दच नाय." आणि मग रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं.

तेवढ्यात यशोदा चहा घेऊन बाहेर आली. निलेशचा दोस्त म्हणून ओळख करून दिली. तिने त्याला पुढे काही विचारलं नाही. निलेश कसा होता, जेवायचा का, आमची आठवण काढायचा का, काहीच नाही. माझं लक्ष गेलं ते त्यावर. जी बाई बंदराकडून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारते, ती गप्प बसली. फक्त म्हणाली, "जेवन जा रे बाबा, पेडव्याचां तिखलां आसा." त्याने मान खाली घालून जेवण घेतलं, ती वाढत राहिली.

तो गेल्यावर तिने भांडी घासली. मग पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"प्लॅन घेतलास?"

"नाही अजून."

"मोठो नको. ल्हानातलो ल्हान घेवा." जायला वळली. "पण घेवा."

आत गेली. निलेशची गादी तिने गुंडाळून माळ्यावर टाकली होती. तिने आणलेला चहा अगोड होता, साखर घालायची राहिली होती, हे मला नंतर आठवलं. दाराआड किती वेळ उभी होती, देव जाणे. तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, पण एकमेकांसमोर ते काढायचं बळ दोघांतही नाही. कदाचित कधीच येणार नाही.

आता तुझं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मितेश जाता जाता काही बोलला. तो म्हणाला होता, "काका, लवकर सांगा. ताईने धनेश सरांना सांगितलंय, बाबा जी मुदत ठरवतील तेवढं थांबेन, मग उत्तर देईन." पोराला वाटलं मला माहीत असेल. मला माहीत नव्हतं. तुझ्या शाळेत धनेश नावाचे कोणी सर आहेत, हेही नव्हतं.

म्हणजे तू मला प्लॅन विचारला नव्हतास. आणखी किती वर्षं निलेशची बायको म्हणून बसू, हे तू मला विचारलं होतंस. आणि ते ठाऊक असून मी तुला बॅकअप आणि गाळ्याच्या गोष्टी लिहिल्या, देवाच्या पाकळीआड लपलो. त्या पाकळीवर मी तुझं एक वर्ष टाकलं असतं. गुरुदास आला नसता तर टाकलंही असतं.

तर ऐक. तुझी मुदत नाही. एक वर्ष नाही, एक महिना नाही. धनेश सरांना मी बघितलेलं नाही, बरे असतील असं धरून चालतो. नसतील तर दुसरं कोणी बघ, किंवा कोणीच बघू नकोस. पण वाट बघणं हे कारण त्यात आता घालू नकोस.

गुरुदास खरा जबाब द्यायला तयार आहे. घाबरतो, पण तयार आहे. पुढच्या आठवड्यात मी त्याला घेऊन सावंतवाडीला वकिलाकडे जाणार आहे. तुला सही करायला यावं लागेल, तेव्हा सावंतवाडीलाच ये, मालवणला उतरू नकोस. यशोदाला मी सांगणार आहे की अस्तराचं कापड आणायला चाललो.

आणि वेबसाइटही चढवायची. हसू नकोस. एका हाताने पोरगा गेला म्हणून कागद करायचा आणि दुसऱ्या हाताने कोणाला दिसला तर कळवा म्हणून पाटी लावायची. माझ्या धंद्यात असली उलटसुलट शिवण कोणी केली असती तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. पण यशोदाने घेवा म्हटलं. ठाऊक असूनही घेवा म्हटलं. तिला सकाळी चूल पेटवायच्या आधी त्याचा तो निळ्या शर्टातला फोटो उघडून बघायचा आहे, आणि खाली 'कळवा' असं लिहिलेलं असलं म्हणजे ती जेवते. माणूस एकच येणार बघायला, फार तर दोन. त्याला लहानातला लहान प्लॅन पुरे.

मितेशला मी कळवलंय. एका वर्षाचा, माझ्या नावावर. आपोआप पुढे चालू होण्याची खूण काढायला लावली. वर्षाने ती पुन्हा घे म्हणाली तर मी पुन्हा घेईन, ते माझ्या हाताने घेईन. तुझा नंबर काढून माझा घातला. फोन येतील, सगळे खोटे येतील, अमक्या बंदरात बघितला, पैसे पाठवा म्हणून. ते मी ऐकेन. मला दुसरं काय काम आहे. 'पत्नी' असं लिहून तुझं नाव होतं, तेही काढायला सांगितलं. मितेश दोनदा म्हणाला, "काका, नक्की काढू?" मी म्हटलं, काढ रे. आणि फोन ठेवला.

फळीवरचं वाण यशोदाने काल शेजारच्या रियाला देऊन टाकलं. मला वाटतं तुला तेही कळायला हवं.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो तू आम्हाला पुष्कळ दिलास गो, आमच्या हिश्श्यापेक्षा जास्त. आता तिकडच्या घराला लागेल, तिकडे ने. इकडे कमी पडला तरी आम्ही दोघं भागवून घेऊ. या पत्राला उत्तर लिहू नकोस, यशोदा पाकिटं उघडते.

निलेशचे बाबा